विचारून येणाऱ्या बाई

वॉर्डात शिरल्या की बाई आधी पेशंटच्या पायाचा अंगठा धरायच्या. नाडी नंतर, ताप नंतर, केसपेपर तर सगळ्यात शेवटी. चादरीवरूनच अंगठा मुठीत घ्यायच्या, क्षणभर थांबायच्या आणि म्हणायच्या, "इचारून आले म्या त्याला. भिऊ नको."

पाय गार पडला की माणूस आतून भ्यालंय असं समजायचं, हे त्यांचं शास्त्र. नर्सिंगच्या कोणत्या पुस्तकात आहे हे, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "पुस्तक लिव्हणाऱ्याला कुठं ॲडमिट केलं होतं?"

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सरकारी दवाखान्यात मी क्लार्क होतो. माझं टेबल स्त्रियांच्या वॉर्डाच्या दारासमोर. त्यामुळे बाईंचं ते वाक्य मी वर्षानुवर्षं रोज सकाळी ऐकलं. बाई ख्रिस्ती. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, आणि बाई तर एकट्याच. लग्न केलेलं नव्हतं. ड्यूटी सुरू होण्याआधी त्या औषधांच्या खोलीत जायच्या, कपाटाकडे तोंड करून दोन मिनिटं डोळे मिटून उभ्या राहायच्या. त्यांचं विचारणं ते. तेवढा वेळ तिथं कुणी जात नसे.

मी चेष्टा करायचो. "काय बाई, लाइन लागली का आज? का बिझी येतंय?"

"लागली की. तुमचं बी नाव सांगितलं. त्यो म्हणला, त्याची फाइल लय मोठी हाय, निवांत बघू."

"त्याला" म्हणजे कुणाला, हे नव्या पेशंटला कळायचं नाही. बऱ्याच जणी समजायच्या, मोठ्या डॉक्टरांना. एक म्हातारी आठ दिवस राहून घरी जाताना शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, "लय गुणाची हाय बाई. नवऱ्याला इचारल्याबिगर पाऊल टाकत न्हाई." हे कुणीतरी बाईंना सांगितलं, तर त्या ट्रे खाली ठेवून खांबाला टेकून हसल्या. मग वॉर्डभर फिरताना हसत होत्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या तोंडी एखादं वाक्य असतं आणि त्या वाक्यावर दहा जणांचा दिवस निघतो. ते खरं की खोटं, हे कुणी तपासत नाही. मीही तपासलं नाही. एके दिवशी ते आपोआप तपासलं गेलं.

ताडकळसच्या बाजूच्या एका खेड्यातून एक मुलगी आली होती. बारावीतली. कावीळ. आधी गावातच झाडपाला झाला होता, त्यात बरेच दिवस वाया गेलेले. डोळे हळदीसारखे. सोबत आई. वडील नव्हते, भाऊबहीण नाही. आई खाटेखाली गोधडी टाकून झोपायची आणि जागी असली की लेकीच्या तोंडाकडे बघत बसायची. पाच-सहा दिवसांनी पोरगी जरा सावरल्यासारखी दिसली. मुगाची खिचडी खाल्ली, वेणी घालून मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या, अंगठा धरला आणि आईकडे वळून म्हणाल्या, "इचारून आले म्या. आठ दिसांत चालत घरी जाईल तुझी लेक."

मी माझ्या टेबलावरून ऐकलं. नेहमीपेक्षा हे वाक्य लांब होतं, एवढंच वाटलं.

त्याच दिवशी दुपारनंतर पोरगी बरळायला लागली. आईला ओळखेना. नांदेडला रेफर केलं. बाई ड्यूटी संपलेली असताना अँब्युलन्समध्ये बसून गेल्या. नांदेडला पोचल्यावर तासाभरात पोरगी गेली.

पंधरा दिवसांनी आई दवाखान्यात आली. मृत्यूच्या दाखल्याचं काही काम असेल असं समजून मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. सरळ वॉर्डात गेली. बाई सलाईन लावत होत्या. आई त्यांच्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही तिनं, हेच मला जास्त लागलं.

"काय म्हणला गं तुझा देव? सांग की. इचारून आली होतीस नव्हं?"

बाईंनी सलाईनची गती नीट केली, हात पुसले आणि तिच्यासमोर खाली फरशीवर बसल्या. गुडघ्यावर नाही, मांडी घालून, जेवायला बसावं तशा.

"त्यो काहीच म्हणला नव्हता माय. म्याच म्हणले. तुझं तोंड बघवंना म्हणून माझ्या मनानं म्हणले आन् त्याच्या नावावर टाकलं. माझं चुकलं."

आईला हे अपेक्षित नव्हतं. देवाची इच्छा, नशीब, असलं काहीतरी ऐकायची तयारी करून ती आली असणार. मग पदर तोंडात कोंबून बाहेर पडली. बाई फरशीवरच बसून होत्या. मी हात दिला तेव्हा उठल्या. त्यांचा हात बर्फासारखा होता.

त्यानंतर वॉर्डात ते वाक्य ऐकू येईना. अंगठा धरायच्या, गप्प उभ्या राहायच्या, पुढच्या खाटेकडे जायच्या. औषधांच्या खोलीत मात्र जात होत्या, दोनाची पाच-सात मिनिटं व्हायला लागली होती. एकदा मी विचारलं. या वेळी चेष्टेनं नाही.

"बाई, आता विचारत नाही का?"

"इचारते भाऊ. त्यो काही बोलत न्हाई. पहिलं बी बोलत नव्हता. मीच दम न धरता उत्तर घेऊन पळायचे."

"मग कशाला जाता?"

"मग कुठं जाऊ?" एवढंच म्हणाल्या.

एका रविवारी चर्चमधली उपासना संपवून त्या माझ्या घरी आल्या. त्या पोरीच्या गावाला जायचं होतं, यष्टी चुकली होती. मी मोटारसायकल काढली. वाटेत बोलल्या नाहीत. गाव लहान, घर शेवटचं. आईनं आम्हाला लांबून पाहिलं आणि आत जाऊन कडी लावली. बाई दाराशेजारच्या दगडावर बसल्या. ऊन चढत होतं. दीड-दोन तासांनी आतून आवाज आला, "कशाला आलीस? आता काय इचारून आलीस?"

"काहीच न्हाई. मोकळ्या हातानं आले."

कडी निघाली नाही. मी हळूच म्हणालो, "चला बाई, आता ती दार उघडत नाही."

"तुमी जावा भाऊ. मी येते यष्टीनं."

नंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. दुसऱ्या रविवारी दार उघडं होतं, पण ती बाहेर आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तिनं तांब्या आणून ठेवला. मग कापूस वेचायचे दिवस आले. बाई पदर खोचून तिच्या शेजारच्या ओळीत उभ्या राहिल्या. पोरीबद्दल दोघी बोलायच्या का, असं मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "ती बोलते. मी वेचते." सोमवारी ड्यूटीवर त्यांच्या बोटांना बोंडांचे ओरखडे दिसायचे.

हळूहळू वॉर्डात पुन्हा बोलायला लागल्या, पण वाक्य बदललं होतं. अंगठा धरून म्हणायच्या, "मला काही ठाऊक न्हाई गं. पण मी हाय इथं. आन् त्यो बी हाय."

लोकांना हे पहिल्याइतकं आवडलं नाही. कुणाला आवडेल? एक जणी तर माझ्याकडे तक्रार घेऊन आली, "त्या बाईला काही ठाऊक न्हाई म्हणं, तर मग तिला ठिवलंय कशाला?" मी हसलो. पण खरं सांगतो, मलाही पहिलंच वाक्य बरं वाटायचं. ते किती बरं वाटायचं, हे माझ्या बायकोला डेंग्यू झाला तेव्हा कळलं.

तिच्या प्लेटलेट रोज खाली येत होत्या. हिरड्यांतून रक्त येत होतं. लॅबचा कागद माझ्याच टेबलावर यायचा आणि तो उलटा करून बघायला माझा हात धजत नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाईंना व्हरांड्यात गाठलं. तोवर मी कधी कुणापुढे हात जोडले नव्हते, त्या दिवशी जोडले.

"बाई, म्हणा ना. बरी होईल म्हणा. खोटं का होईना, म्हणा."

त्यांचे डोळे भरले. पण मान हलवली. "न्हाई म्हणणार भाऊ. एकदा म्हणले."

मी चिडलो. नको ते बोललो. तुमच्या देवाचा काय उपयोग, असंही बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि आत जाऊन माझ्या बायकोच्या खाटेशी स्टुलावर बसल्या. ड्यूटी संपली तरी बसल्या. तिच्या ओठांना ओला कापूस लावत होत्या, दोन तासांनी माझ्याकडे बघून फक्त इतकं म्हणाल्या, "जेवून या. मी उठत न्हाई."

बायको वाचली. कागदावरचा आकडा वर चढला त्या सकाळी मी पेढे घेऊन गेलो. "बाई, तुमच्या प्रार्थनेनं झालं."

पेढ्यासाठी पुढे आलेला त्यांचा हात थांबला. "तसं म्हणू नका भाऊ. मग त्या लेकीच्या येळंला मी काय कमी केली होती का?" मग पेढा घेतला. अर्धा मोडून मला दिला.

पुढं दोन वर्षं सुरळीत गेली. मग बाईंचं वजन उतरायला लागलं. पोटात गाठ निघाली. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, पण ती पसरलेली होती. घरी न्या म्हणाले. घर म्हणजे दोन खोल्या, आणि माणूस कुणी नाही. मी आणि बायको आळीपाळीनं जायचो, ते पुरत नव्हतं. एके दिवशी गेलो तर त्या पोरीची आई तिथं. गावाहून पिशवी घेऊन आली होती, लुगडी दांडीवर वाळत घातलेली. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "रविवारी आली न्हाई. म्हणून बघाया आले." ती परत गेलीच नाही. बाईंना उचलून बसवणं, पुसणं, कण्या भरवणं, सगळं तिनं घेतलं. जेवढ्या गुमान बाई तिच्या शेतात वेचत होत्या, तेवढ्याच गुमान.

शेवटच्या आठवड्यात मी दुपारी गेलो होतो. चर्चचे पाळक नुकतेच प्रार्थना करून गेले होते. बाई भिंतीकडे बघत पडल्या होत्या. माझी चाहूल लागताच म्हणाल्या, "भाऊ, मला लय भेव वाटायलंय."

मी चटईच्या कडेला बसलो.

"इतकी वर्सं लोकांला म्हणत गेले, भिऊ नको, भिऊ नको. काय सोपं वाटलं होतं मला. आता रोज बोलाया बघते त्याच्याशी, तोंडातून सबुद निघंना. तुमी बोला."

"बाई, मी तुमच्यातला नाही. मला येत नाही."

"त्याच्याकडं कुठं रजिस्टर हाय? बोला."

मी डोळे मिटले. खरं सांगतो, जन्मभर मी अर्जच लिहिले, दुसरी भाषाच मला येत नाही. तोंडातून निघालं ते असं, "माननीय देवबाप यांस, सविनय विनंती की, सदर बाई या गेली कित्येक वर्षे आपल्या सेवेत असून..."

चटईवर कसला तरी आवाज आला. डोळे उघडले तर बाई हसत होत्या. हसताना पोट दुखत होतं, म्हणून हाताने पोट दाबून हसत होत्या. "इषय?" त्या म्हणाल्या. "इषय लिव्हला न्हाई की हो तुमी."

विषय मला सुचेना. जीव वाचवणे म्हणावं तर ते आता कुणाच्या हातात नव्हतं, आणि 'बरी होईल' असं खोटं म्हणायला त्यांनीच मला एकदा नकार दिलेला. पायथ्याशी बसलेली आई म्हणाली, "भेव. तेवढं भेव काढून घे म्हणावं. बाकी काही मागू नका."

"विषय," मी म्हणालो, "भीती काढून घेणेबाबत."

"घेणेबाबत," बाई पुटपुटल्या. त्यांनी डोळे मिटले. पुढचा अर्ज मी पुरा केला की नाही, मला आठवत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. मी पोचलो तेव्हा चर्चच्या मंडळीतले चार लोक जमले होते. आई कोपऱ्यात बसली होती. मला एकच विचारायचं होतं, आणि ते विचारण्याचा धीर होत नव्हता. तिनंच ओळखलं.

"भेली," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू. लय भेली. माझा हात सोडला न्हाई तिनं. उजाडताना हात ढिला पडला, तवा मला वाटलं, डोळा लागला. म्हणून मी बी तशीच बसून राहिले, उठंल म्हणून."

दफन दुपारी झालं. पाळकांनी मूठभर माती टाकली, मग एकेकानं टाकली. आई माझ्या पुढं होती. ती वाकली, माती उचलली आणि हात खड्ड्यावर धरून कितीतरी वेळ मूठ उघडेना. तिच्या मनगटावर बोटांचे चार निळे वण उमटलेले होते. मागं रांग खोळंबली होती. कुणी तिला घाई केली नाही.