नाव पुकारल्याशिवाय

डोळा लागतोय. लागायला नको. चारच्या आत बालगृहात पोचायचंय, माझ्या मयुरीला आणायला. उशीर झाला तर तिथल्या बाई म्हणतील, या आता सोमवारी. दोन गाड्या डोळ्यांदेखत गेल्या आणि मी एसटी स्टँडच्या बाकावर ठोंब्यासारखी बसलेय. का? तर कुणी माझं नाव पुकारलं नाही म्हणून! हसा. आधी तुरुंगात वर्षं काढा, मग हसा. तिथं जेवायला, आंघोळीला, कोर्टाला, नाव पुकारल्याशिवाय उठायचं नाही. निर्दोष सुटले खरी, पण पायांना अजून पत्ता नाही.

पापणी मिटते आणि स्टँडवरची सगळी माणसं उकिडवी बसतात, दोघादोघांच्या जोडीनं. तुरुंगातल्यासारखी गिनती चाललीय. माझ्या जोडीला शालनताई.

शालनताई कैदी बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या. दर बुधवारी आमच्या बराकीत यायच्या. वकील त्यांनीच गाठून दिला. मयुरी सहा वर्षांची झाली आणि नियमानं तिला माझ्यापासून काढली, तेव्हा हात धरून तिला बालगृहात पोचवली तीही त्यांनीच. दिवाळीआधी काविळीनं गेल्या.

"ताई, तुम्ही तर गेलात ना?"

"गेले. म्हणून तुझ्याशेजारी बसू नये होय?"

"बसा की! पण सुटशील तेव्हा सोबत येईन म्हणाला होतात. शब्द दिलात आणि खुशाल मेलात! आता मी एकटीनं तिथं कुठलं तोंड घेऊन जाऊ?"

मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

"आहे तेच तोंड घेऊन जा," ताई म्हणतात.

"माझं नाव पुकारा ना, ताई. एकदाच. लगेच उठते."

"नाही."

"असं काय करता हो?"

"बाहेर कुणी पुकारत नसतं, कौसल्या."

कंडक्टर मोजत येतो, हातात शिपाईबाईचा दंडा. त्याच्यामागं बालगृहाचं अंगण. मुली जोडीजोडीनं बसल्यात आणि शेवटच्या रांगेत मयुरी. केवढी वाढलीय! माझ्याकडं बघते, परक्या बाईकडं बघावं तशी.

"ओळखत नाही ती मला. नाही यायची माझ्याबरोबर. तिथल्या बाईंनाच आई म्हणते म्हणे."

"ती उठत का नाही, ते बघ."

"का?"

"तुझ्याजवळ बराकीतच वाढली ना पोर? मग ती तरी कशी उठेल?"

अगं बाई! माझी लेक वाट बघतेय, कुणी नाव पुकारेल म्हणून. मी तोंड उघडते, आवाज फुटत नाही. गिनती तिच्यापाशी पोचते. आता दार लागणार. ताईंकडं वळते, तर जोडीला कुणीच नाही.

"मयुरी! ए मयुरी! ऊठ गं बाय!"

अख्खा स्टँड माझ्याकडं बघतोय. मी उभी आहे. शेजारची म्हातारी घाबरून आपली पिशवी जवळ ओढते. समोर गाडी सुटायच्या बेतात, कंडक्टर दारात.

"येताय का मावशी, की नुसतंच ओरडताय?"

चढते. कुणीही न सांगता चढते.

"किती जण?"

सांगायला जाते तर घसा बसलेला. खाकरते, तरी दुखतोय. खरंच एवढी ओरडले मी.

"जाताना एकटी," कसंबसं म्हणते. "येताना दोघी."

"येतानाचं येताना बघू," तो तिकीट देत म्हणतो.

"दोघी," मी पुन्हा सांगते.