देवांच्या आईचा चहा

लग्न होऊन मी महाडला आले तेव्हा त्या घरात चहाचा क्रम ठरलेला होता. पहिला चहा मामंजींचा. ते कचेरीत अव्वल कारकून होते. त्यानंतर थोरल्या भावजींचा, त्यानंतर आमच्या ह्यांचा. तोवर दूध सरायचं. सासूबाई, जाऊबाई आणि मी, तिघींच्या वाट्याला त्याच चोथ्यावर पुन्हा उकळलेलं फुळकवणी. तक्रार कुणी करत नसे. तक्रार करण्यासारखं काही आहे, हेच कुणाला सुचलं नव्हतं.

धाकटे भावजी मालवाहू बोटीवर कामाला होते. एकदा सुट्टीवर आले आणि ट्रंकेतून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढून त्यांनी सासूबाईंच्या हातात ठेवली. चिनी मातीची, विटकरी रंगाची, कपासारखा कान असलेली, पण कपाच्या दुप्पट उंच.

"हा मग," ते म्हणाले.

"मग काय?" सासूबाईंनी विचारलं.

"मगच. चहा प्यायचा मग."

"चहा पिते रे, पण मग काय?"

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळालो.

मगाच्या पोटावर एक देवी उठावात घडवली होती. तोंडाच्या जागी समोरासमोर दोन नाग, कमरेला सापांचाच घागरा आणि गळ्यात माळ. माळेत माणसांचे पंजे होते आणि मधून मधून काहीतरी गोल. ती रामफळं असावीत असं जाऊबाई म्हणाल्या. ॲझ्टेक लोकांची ती देवी आणि ती रामफळं म्हणजे माणसांची काळजं, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचलं आणि पुस्तक गुपचूप मिटलं. भावजींना एवढंच ठाऊक होतं की मेक्सिकोच्या बंदरात विकणाऱ्या बाईने खाणाखुणा करून सांगितलं, ही देवांची आई.

सासूबाईंनी मग फिरवून फिरवून पाहिला. "देवांची आई म्हणजे आपल्याही देवांची असणार," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला. परदेशातली देवी, अंगभर साप, असं मामंजी कुरकुरले. नागपंचमीला आपण कोणाला पुजतो, एवढंच सासूबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नैवेद्याचा प्रश्न आला. भांडं चहाचं, तेव्हा नैवेद्यही चहाचाच. तो उष्टा होऊन चालायचा नाही, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या आधी. देवीला पाणचट चहा कसा द्यायचा, म्हणून दाट दुधाचा, आलं घालून. मामंजी पाटावर बसून वाट पाहत राहिले. नैवेद्य दाखवून झाला आणि वाफाळता मग समोर उरला. प्रसाद टाकता येत नाही.

"देवीला ओठ लावायचे?" जाऊबाईंनी हळूच विचारलं.

"आईच ना ती?" सासूबाई म्हणाल्या. "लेकरं दुसरं काय करतात?"

त्यांनी डोळे मिटून दोन घोट घेतले. मग जाऊबाईंनी घेतले. माझी पाळी आली तेव्हा ते लेकरांचं वाक्य आठवून मला असं हसू फुटलं की चहा नाकातून आला. प्रसाद मामंजींनीही मागितला. सासूबाईंनी त्यांच्या तळहातावर पळीभर दिला. त्यांनी तो भक्तिभावाने घेतला आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

महिना दीड महिना हे रोज चाललं. ही हकीकत पोलादपूरला दिलेल्या आमच्या नणंदेच्या कानावर गेली. तिच्या सासरी माणसं चौदा आणि सासू कडक. आठ दिवस देवी पाठवा, असा तिचा निरोप आला. मग तांदळाच्या डब्यात मग पुरून आम्ही तिघी एसटीने निघालो.

नणंदेच्या सासूने देवीला उजेडात नेऊन पाहिलं.

"हिला काय काय लागतं?"

"सकाळचा पहिला चहा, दाट दुधाचा," सासूबाई पापणी न हलवता म्हणाल्या. "आणि प्रसाद सुनांनीच घ्यायचा."

त्या बाईंनी ओठ आवळले. नणंद जमिनीकडे पाहत उभी होती.

"सुनांनी आणि सासूने," सासूबाईंनी पुरवणी जोडली. "पहिला घोट सासूचा."

बाईंनी देवीवरची तांदळाची धूळ पदराने पुसली. मग म्हणाल्या, "आठ दिवस कशाला? राहू दे देवी इथंच."

परतीच्या गाडीत जाऊबाईंना काळजी लागली. देवी तिकडे राहिली, आता उद्या सकाळी काय करायचं? सासूबाईंनी तांदळाचा डबा मांडीवर नीट बसवला.

"आपल्या देवांनी महिनाभर शेजारी बसून वास घेतलाय," त्या म्हणाल्या. "त्यांना नको का चहा?"

आणि त्या स्वतःच हसू लागल्या. एरवी दात दिसू न देणारी ती बाई अशी हसली की अंबाडा सुटला. आम्हीही सुटलो. पुढच्या बाकावरची कोंबडी घेऊन बसलेली म्हातारी वळून म्हणाली, "काय झाला गो? लगीन हाय काय कोणाचा?" सासूबाईंना बोलवेना. त्यांनी नुसती होकारार्थी मान हलवली, आणि म्हातारीही काही न कळता आमच्याबरोबर हसू लागली.