फणीकाकूंचं औषध

फणीकाकूंना माणसाचा चेहरा नंतर दिसायचा, आधी भांग. कुणाची मुलगी दारात आली की "ये गो बाय, बस" म्हणेपर्यंत त्यांची बोटं तिच्या केसांत गेलेली असायची. पावसच्या आमच्या वाडीतल्या बहुतेक मुलींची डोकी त्यांनीच साफ केली. माझंही, पुढे माझ्या मुलीचंही.

पद्धत ठरलेली. रविवारी जेवणं आटोपली की त्यांच्या पडवीत मुलींची रांग. खोबरेलात रॉकेल मिसळून केसांना चोळायचं, जुन्या धोतराच्या फडक्यात डोकं बांधायचं, चुलीकडे फिरकायचं नाही. मग शिकेकाईने न्हायला घालून लाकडी फणीने एकेक बट विंचरायची. कुणी लाजली तर म्हणायच्या, "लाजतेस काय? ऊ काय घर बघून येते?" कुणी रडली तर, "रड हो, रड. आज उवांचं तेरावं, कुणीतरी रडायला हवंच."

काकू एकट्याच. यजमान केव्हाच गेले होते, मुलगी सुजाता डोंबिवलीला. घरामागे हापूसची थोडी कलमं आणि सुट्टीत येणारी नात मिनू, एवढाच त्यांचा संसार. मिनू यायची म्हटली की आधी आठवडाभर काकू आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी उभं राहून मला तेच तेच सांगायच्या.

रेशनवरचं रॉकेल बंद झालं तेव्हा त्या हबकल्या. मी मेडिकलमधला शाम्पू आणून दिला. बाटली उलटसुलट करत म्हणाल्या, "याने ऊ मरते होय? आंघोळ करून ताजी होते."

पुढच्या नाताळच्या सुट्टीत मिनू आली ती डोकं खाजवतच. "आई, शाळा सुरू व्हायच्या आत हिचं डोकं साफ कर हं. बाई ओरडतात," असं बजावून सुजाता परत गेली. मोहरावर फवारणीचे दिवस होते. उरलेल्या औषधाची बाटली मागच्या खोपीत होती. काकूंनी बागायतदाराचा हिशोब केला : मोहरावरचा तुडतुडा याने मरतो, तिथे ऊ किती टिकणार? औषध तेलात मिसळलं, चोळलं, फडकं घट्ट बांधलं.

दिवस मावळायच्या आत गडग्यापलीकडून हाक आली, "अगो, धाव गो, पोर बघ कशी करत्येय!" मिनूच्या तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने निथळत होतं, पाय ठरत नव्हते. मी फडकं सोडलं, डोकं साबणाने धुतलं, औषधाची बाटली पिशवीत घातली आणि दोघींना घेऊन रत्नागिरी गाठली. डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचून लगेच इंजेक्शनं सुरू केली.

"कोणी लावलं हे?"

"मी," काकू म्हणाल्या. "आजी आहे मी तिची."

"आजी, रॉकेलसुद्धा लावायचं नसतं. हे तर विष आहे."

मिनू वाचली. सुजाता धावत आली, पण आईशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. "यापुढे मिनूला इथे एकटीला ठेवणार नाही," एवढंच ती माझ्याकडे बघून म्हणाली. काकू तिथेच बाकावर बसलेल्या होत्या.

त्यानंतर काकूंनी कुणाच्या केसांना हात लावला नाही. रविवारी पडवी रिकामी. "काकू, पोर बरी झाली ना, आता सोडा," असं बायका म्हणायच्या. काकू ऐकून घ्यायच्या आणि आत निघून जायच्या.

मे महिन्यात सुजाता मिनूला घेऊन आली, ती सकाळी येऊन संध्याकाळी परत जायला. मिनूचे केस मुलासारखे बारीक कापलेले. निघताना ती आजीच्या पाया पडली. काकूंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "मोठी हो बाय, शहाणी हो." मिनू वाकलेलीच राहिली, डोक्यावर हात पडायची वाट बघत.

शेवटी सुजाताच म्हणाली, "ठेव ना गं आई, हात."

काकूंनी मान हलवली. "तोंडाने दिला की आशीर्वाद. तेवढा पुरे तिला."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी त्यांचे हात पाठीमागेच होते. गणपतीला मिनू पुन्हा यायची होती. काकू त्याआधीच गेल्या.