पांगाऱ्याची मेढ

माझं लग्न एका मेढीवर अडलं होतं. मेढ म्हणजे कुंपणाचा खांब. मुलीचे वडील आमचं घर बघायला आले, ते दारात यायच्या आधीच कुंपणापाशी थांबले. एका मेढीला सहज हात घातला, तर ती उपटून त्यांच्या हातातच आली. बुडखा वाळवीने पार खाल्लेला. घाटात आगगाडीच्या रुळांखाली लाकडं टाकायच्या कामावर ते मुकादम होते. लाकूड दिसलं की हलवून बघायची त्यांना खोडच होती. मेढ माझ्या बापाच्या हातात देऊन म्हणाले, "ज्याचं कुंपण हलतं, त्याच्या घरात आमी पोर देत नाय. साजगावची जत्रा झाली की पुन्ना येतो." पाणीसुद्धा न पिता गेले.

आणि मी तर त्या पोरीपायी खुळा झालो होतो! आदल्या जत्रेत तिला सुके बोंबील घेताना पाहिली होती. एकेक बोंबील वाकवून, नाकाशी धरून बघत होती. विकणारा रडकुंडीला आला होता आणि मी तिथेच गार झालो होतो.

बाप कुऱ्हाड घेऊन निघाला, मागे मी उड्या मारत. साग सरकारचा, त्याला हात लावायची सोय नव्हती. ऐनाचं लाकूड बरं, पण बापाचा भरवसा फक्त खैरावर. खैर मिळायचा मारामारीने, कारण ज्याला सापडे तो त्याचा कात शिजवून मोकळा होई. बाप प्रत्येक खोडावर कुऱ्हाडीचा माथा ठोकून कान लावायचा. तोड अमावास्येच्या तोंडावरच, म्हणजे कीड लागत नाही. मग बुडखा आगीत काळा होईस्तोवर भाजायचा. मी एवढा उत्साहाने भाजायला लागलो की एका मेढीचा कोळसाच झाला.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," आई हसत म्हणाली.

मेढी पुरायला बापाने मागच्या बाजूने सुरुवात केली, कारण शेजारच्या म्हशी तिकडून घुसत. परिणाम व्हायचा तोच झाला: पाहुणा जिथून येणार त्या फाटकापाशी नेमका खैर संपला. मृग तोंडावर आलेलं. आईने घरामागच्या परड्यातल्या पांगाऱ्याच्या फांद्या तोडून पुढ्यात टाकल्या.

"पांगारा?" बाप ओरडला. "म्हाताऱ्याच्या दातावानी हलंल त्यो!"

"पुरा तं खरं," आई म्हणाली.

पुरला. पावसात त्याला पालवी फुटली. आता खैराच्या रांगेत पांगारा लांबूनच ओळखू येणार म्हणून बापाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज सकाळी मी पानं खुडायची, असा हुकूम सुटला. मी खुडायचो, तो दुप्पट फुटायचा. शेवटी मी पानांपुढे हात टेकले.

जत्रा झाली आणि पाहुणे आले. एका खैराला त्यांनी लाथ घातली आणि पाय धरून लंगडले. मला हसू फुटलं, ते मी खोकल्यात घातलं. मग ते फाटकाकडे वळले. बापाने डोळेच मिटले. पांगारा हलला की माझं लग्न मोडलं!

त्यांनी दोन्ही हातांनी पांगारा धरला आणि गदगदा हलवला. पानं हलली, पाहुण्यांचं पागोटं हललं, मेढ जागची हलली नाही. त्यांनी नखाने साल खरवडली. आत हिरवीगार.

"अवं, ह्याला मुळं धरल्यात!"

"मेलेल्याला वाळवी लागती," आई दारातून म्हणाली. "जित्याला नाय."

पाहुणे पोट धरून हसले आणि पाणी मागितलं. पाणी मागितलं म्हणजे पोर दिली! मी गोठ्यात जाऊन बैलाच्या गळ्यात पडलो.

फाल्गुनात लग्न झालं. पांगारा लालभडक फुलला होता. वरात फाटकापाशी आली आणि नवरी एकाएकी थांबली. बायका म्हणाल्या, "चल गं, काय झालं?" तिने शालूतून हात बाहेर काढला, पांगारा धरला आणि एक जोरदार हिसका दिला.

हलला नाही. मग तिने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं आणि पुढे जाऊन माप ओलांडलं.