बाबांच्या नावाची तळटीप

माझी एम.ए.ची तोंडी परीक्षा झाली ती नागपुरात, एप्रिलच्या भर दुपारी. सत्तरच्या दशकातली गोष्ट... पण त्या खोलीतल्या कूलरचा खडखडाट अजून कानात आहे.

माझा विषय ऐकून मैत्रिणी हसायच्या. पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मप्रचारकांचे प्रवास! आम्ही नागपूरजवळच्या कुहीकडचे, धान पिकवणारे. समुद्र मी तोवर नकाशातच पाहिलेला.

पण ही माणसं पायी, नाहीतर मिळेल त्या मालवाहू जहाजात बसून एवढ्या लांब कशी गेली असतील, या प्रश्नाने मला धरलं ते धरलंच. दोन वर्षं लायब्ररीत बसून वारे, ऋतू, बंदरं, मुक्काम यांच्या नोंदी काढल्या.

एका प्रवासापाशी मात्र अडले. एका प्रचारकाला कैदी म्हणून रोमला नेत होते, गव्हाने भरलेल्या जहाजातून. वादळ सुटलं तसा खलाशांनी थोडा माल फेकला, मग जहाजाचं सामान फेकलं... पण गहू ठेवला. तो समुद्रात टाकला दोन आठवड्यांनी, जमीन जवळ आल्याचं कळल्यावर. बुडायची भीती होती तेव्हा का नाही टाकला?

दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांना सहज ही गोष्ट सांगितली. बाबा चौथी शिकलेले. वैनगंगेवरून डोंग्यातून धानाची पोती पलीकडच्या बाजाराला न्यायचे.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "रिकामा डोंगा वाऱ्यानं कलंडते वं. म्हणून वापस येताना आमी खाली गोटे भरतो. काठाले लागाचं असंन तं मंग हलका करा लागते, नाहीतर पहिलेच गाळात फसते. त्याइनं बराबर केलं."

खोल पाण्यात जहाज सरळ राहायला तळाशी वजन हवं होतं, आणि किनाऱ्यावर चढवायला ते हलकं हवं होतं. माझं कोडं सुटलं होतं.

प्रबंधात हे लिहिलं... पण संदर्भ दिला नाही. मोठमोठ्या पुस्तकांच्या यादीत बाबांचं नाव लिहायची मला लाज वाटली. खरं तेच सांगते.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. हे कुठल्या पुस्तकात आहे, त्यांनी विचारलं. मी प्रबंधाची पानं चाळायला लागले. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि कुणाचा मजकूर न सांगता उचलला असेल तर प्रबंध परत पाठवावा लागेल, असंही बजावलं. माझे मार्गदर्शक सर खाली बघायला लागले.

तेव्हा मी म्हणाले, "पुस्तकात नाही, सर. माझ्या बाबांनी सांगितलं. ते नदीवर डोंगा चालवतात."

मग एकदा तोंड उघडल्यावर थांबलेच नाही. गोटे, वारा, गाळ... उठून फळ्यावर डोंगा काढून दाखवला. परीक्षकांनी चष्मा काढला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. ठरलेल्या वीस मिनिटांचा पाऊण तास झाला!

शेवटी ते म्हणाले, "तुमच्या प्रबंधातलं हे सगळ्यात चांगलं पान आहे. इथे तळटीप द्या. वडिलांच्या पूर्ण नावासकट."

त्या वर्षी मी विषयात पहिली आले. बांधलेली प्रत घेऊन घरी गेले, तेव्हा बाबांनी ती तळटीप दोनदा वाचायला लावली. मग विचारलं, "नुसतं शेतकरी काहून लिवलं? नावाडी बी लिव."

मी तिथेच पेनाने लिहिलं.

पुढे तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. दर बॅचला पहिल्याच दिवशी एवढंच सांगायचे... जे ज्याच्याकडून कळलं, त्याचं नाव लिहा. आणि ते नाव घरातलं असेल, तर जरा ठळक लिहा.