मागच्या बाजूचा पहिला नंबर

यंदा अध्यक्षाला काढायचंच, हे मी आणि सचिवाने परळला उभ्याउभ्या चहा पिताना ठरवलं. आमच्या मंडळात माणसं तीन. लालबागचा माझा शाळेपासूनचा मित्र अध्यक्ष, माहीमचा आमचा कॅथलिक दोस्त सचिव आणि मी खजिनदार, कारण तेवढंच पद उरलं होतं. खजिना नाही. पण आमच्या भागात तीन माणसं एकत्र आली की पदं वाटल्याशिवाय त्यांना बसवत नाही.

मंडळाचं काम एकच. आमच्या लाडक्या गायिकेच्या दोन-दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड दरवर्षी ऐकायच्या आणि त्यांना नंबर द्यायचे. पुढच्या बाजूचे वेगळे, मागच्या बाजूचे वेगळे. पुढच्या बाजूवर वेळ जात नाही. ती गाणी गिरणगावातल्या प्रत्येक लग्नात भोंग्यावर वाजून वाजून चोथा झालेली. ती आवडतात म्हणणं म्हणजे आपण रसिक नसून वऱ्हाडी आहोत, अशी कबुलीच. खरी मारामारी मागच्या बाजूवर. भोंगेवाल्याने रेकॉर्ड कधी उलटून लावलीच नाही, त्यामुळे तिथलं गाणं आवडलं की माणूस आपोआप जाणकार ठरतो.

अध्यक्षाचं लाडकं गाणं होडीचं, माझं अंगणाचं. दरवर्षी होडी पहिली, अंगण दुसरं. सचिव भांडण नको म्हणून तटस्थ राहतो, आणि मग अध्यक्षाचं जादा मत पडतं. त्यात आता त्याला ऐकू येईनासं झालेलं. दारावरची बेल ऐकू येत नाही, कुकरची शिटी ऐकू येत नाही, कान तपासायचं नाव काढलं की तेही ऐकू येत नाही. त्याची दाद हल्ली गायिका नुसता श्वास घेत असतानाच येते. बहिऱ्या माणसाने गाण्यांना नंबर द्यायचे, हा अन्याय नाही तर काय? अन्याय मला फार चटकन दिसतो, विशेषतः माझ्यावर झालेला.

एवढंच एक होतं की त्याच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. चाळ पाडून टॉवर झाला, शेजारी पांगले, मुलगी परदेशी गेली. "ह्या एका दिवसासाठी इस्त्रीचा शर्ट काढतात हो," त्याची बायको मला फोनवर म्हणाली होती. तिला मी आमचा बेत सांगितला आणि त्याला आधीच जरा समजावून ठेवा, अशी विनंती केली. असली कामं मी नेहमी दुसऱ्यांच्या घरच्यांवर सोपवतो.

आम्ही पोहोचलो तर शर्ट कडक, दाढी गुळगुळीत. "आधी माझी होडी," म्हणत त्याने रेकॉर्ड लावली, सुई टेकवली आणि डोळे मिटले.

रेकॉर्ड फिरत होती. आवाज येत नव्हता. फ्रिजची घरघर सोडली तर खोलीत काही नाही. सचिवाने माझ्याकडे पाहिलं.

"वा!" अध्यक्ष म्हणाला.

पुरावा आयता हातात आला होता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच्या गुडघ्यावर ताल धरणारं बोट दिसलं. कुठेही न अडखळता ते चाललं होतं. मला एकदम भरून आलं, आणि त्याचा रागही आला.

"वा!" मीही म्हणालो.

"क्या बात है!" सचिवाने री ओढली.

सुई शेवटाला गेली. त्याने डोळे उघडले आणि मोठ्याने विचारलं, "कसा वाटला रे साऊंड?"

"एक नंबर," सचिव ओरडला.

"अंगावर काटा आला!" मी त्याच्याहून मोठ्याने ओरडलो. मला थोडक्यात आवरता येत नाही.

अध्यक्षाने शांतपणे स्पीकरच्या मागे हात घातला आणि सुटी वायर आमच्यासमोर धरली.

"वायर मीच काढलीय सकाळी," तो म्हणाला. "बायकोने सगळं सांगितलं. माझे कान गेले हे मला ठाऊक आहे. तुम्ही तोंडावर सांगाल असं वाटलं होतं. साले, तुम्ही तर माझ्यापेक्षा बहिरे निघालात!"

सचिव चपला शोधायला लागला. मी कुठे बघावं ते न कळून फ्रिजकडे बघत राहिलो. अध्यक्षाने वायर नीट जोडली, होडी उचलून ठेवली आणि माझी रेकॉर्ड काढून माझ्या हातात दिली.

"होडी मला पाठ आहे, म्हणून ती पहिली येते," तो म्हणाला. "तुझं अंगण मला आता आठवत नाही. लाव, आणि ती गाताना कुठे काय करते ते इथे बाजूला बसून सांग. जोरात सांग."