नऊ पाण्यांनी धुतलेला काथ्या

नव्वदच्या दशकात मी रोह्याच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवत होतो आणि राहायला पेणला होतो. सकाळच्या एसटीने वडखळ, नागोठणे करत जायचं आणि संध्याकाळी तसंच परत यायचं. त्या शाळेवरचा माझा राग आता पंचवीस-तीस वर्षांचा आहे. इतक्या वर्षांत लोक माफ वगैरे करतात असं ऐकून आहे. मी केलेलं नाही.

शाळेमागच्या टेकडीत पाण्याच्या पाइपसाठी चर खणत होते. फावड्याखाली एक बीळ उघडं पडलं आणि त्यातून एक केसाळ कोळी बाहेर आला. टॅरांटुलाच, पण लहान. अंग सुपारीएवढं, पाय धरून फार तर तळहाताच्या मध्यावर मावेल असा. मजूर फावडं उलटं करून त्याला चेचणार एवढ्यात मी डब्याचं झाकण त्याच्यावर पालथं घातलं. त्याचं घर तर आम्हीच मोडलं होतं. घरी विचारलं, तर बायको म्हणाली, "शाळेतच ठेवा. तिथं असले पुष्कळ आहेत, एकानं काय होतंय?" तो प्रयोगशाळेत राहिला. मासे मेल्यानंतर रिकामी पडलेली काचेची पेटी होती, ती त्याला दिली.

पेटी मिळणं सोपं होतं. तळाला काय घालायचं हे अवघड होतं. हा प्राणी बिळात राहणारा. त्याला खणता येईल इतकं मऊ, पण बीळ ढासळणार नाही इतकं घट्ट, आणि महिनाभर ओल धरून ठेवेल असं काहीतरी हवं. आमच्याकडची माती वाळली की वीट होते आणि भिजवली की तिला बुरशी येते. नारळाच्या काथ्याचा भुसा यासाठी उत्तम, असं माझ्या वाचनात आलं होतं. कोकणात राहून नारळाचा काथ्या मिळवायला कितीसा त्रास पडणार, असं मला वाटलं. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला असं वाटतंच.

वडखळच्या पलीकडे खाडीकाठच्या एका गावात मिठागरावर काम करणारी एक बाई होती. ती पेणच्या बाजारात मीठ विकायला बसायची आणि आम्ही तिच्याकडूनच घ्यायचो. नारळाची सोडणं, म्हणजे वरची तंतूंची सालं, मिळतील का, असं विचारल्यावर तिने गोणभर आणून दिली. काळपट, मऊ झालेली, हाताने सहज सुटणारी. मी खूश झालो. ती सोडणं बडवली, पिंजली आणि लांब दोरे काढून टाकले. ते दोरे कोळ्याच्या पायांत अडकतात. उरलेला भुसा बायकोच्या चाळणीतून चाळला. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे देत नाही. पेटीत चार बोटं थर दिला आणि कोळ्याला आत सोडलं.

तो खाली उतरायला तयार होईना. काचेच्या कोपऱ्यात, झाकणाजवळ, पाय आखडून चिकटून बसला. चार दिवस. झुरळ टाकलं तरी बघेना. मी पुढच्या बाजारच्या दिवशी त्या बाईकडे गेलो आणि तिच्या सोडणांत काहीतरी खोट आहे, असं जरा मास्तरी आवाजात सांगितलं.

"किड्याला घातलंत?" ती म्हणाली. "कसल्या किड्याला?"

मी हाताने आकार दाखवला. तिने शेजारी बसलेल्या बाईला कोपर मारलं. "ऐकलंस का गो? मास्तर किड्याला गादी करतायत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, ती सोडणं खाडीच्या चिखलात कुजवलेली हायत. दोरी वळायला. म्हयनोनम्हयने खाऱ्या पाण्यात व्हती. जीभ लावून बघितलीत का?"

मी म्हटलं, "जीभ कशाला लावू?"

"मंग कशानं कळनार? चष्म्यानं?"

शेजारची बाई हसून हसून मिठाच्या ढिगावर कलंडली. मिठागरावरची माणसं पाण्यात बोट बुडवून ते जिभेला लावतात आणि पाणी कितपत खारं झालंय ते सांगतात. त्यावरच कुठल्या वाफ्यातलं पाणी कधी पुढच्या वाफ्यात सोडायचं ते ठरतं. हे मी वर्गात शिकवलेलंही होतं, जीभ न लावता.

"गोड्या पाण्यानं धुवा," ती म्हणाली. "भिजवा, पिळा, पानी टाका. दर पान्याला बोट बुडवून जिभेवर घ्या. तुमच्या जिभेला खारं लागायचं थांबलं ना, की आनखी दोन पान्यानं धुवा. किड्याला तुमच्यापरीस जास्त कळतं."

मी तसं केलं. सातव्या पाण्याला माझी जीभ गप्प झाली. मी नऊ पाण्यांनी धुतलं. मग ते सगळं मोठ्या पातेल्यात उकळलं, म्हणजे मुंग्यांची अंडी आणि बारीक किडे मरतात. फडक्यात घालून पिळलं. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे, पण बोटांमधून पाणी येता कामा नये, इतकंच ओलं ठेवायचं. एक दिवस सावलीत पसरलं आणि हुंगून पाहिलं. नुसत्या ओल्या लाकडाचा वास. पेटी धुऊन त्यात सहा बोटं थर दाबून बसवला आणि एका कोपऱ्यात बोटाने भोक पाडून सुरुवात करून दिली. उरलेला ओला काथ्या डब्यात भरून कपाटात ठेवला. बाजारात गेलो तेव्हा शेवटच्या पाण्याची बाटली बरोबर नेली होती. बाईने बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, "गोडं झालं. आता तुमी बी प्यायलात तरी चालल."

कोळी थर बसवला त्याच दिवशी खाली उतरला होता. आठवड्याभरात त्याने बीळ खणलं आणि आतून रेशमाचं अस्तर दिलं. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसून वेतनश्रेणीची चर्चा ऐकण्यापेक्षा मी त्या बिळाच्या तोंडाशी बसू लागलो. माझी तिथली तेवढीच चैन होती.

हिवाळा संपता संपता त्याने खाणं सोडलं. पोट काळंभोर दिसायला लागलं आणि बिळाच्या तोंडावर त्याने रेशमाचा पडदा ओढून घेतला. कात टाकायची तयारी. अशा वेळी तो उताणा पडतो, तासन् तास निपचित, मेल्यासारखा. मग जुनं कातडं फाटतं आणि त्यातून एकेक पाय बाहेर ओढून काढावा लागतो, हातमोज्यातून बोट काढावं तसा. ओल नसेल तर पाय अडकतात. कुणी हलवलं तर संपलंच. मी काचेवर कागद चिकटवला, 'हात लावू नये', आणि मुख्याध्यापकांना जाऊन तोंडीही सांगितलं, की तीन आठवडे पेटी हलवू नका.

"अवश्य," मुख्याध्यापक म्हणाले. हा त्यांचा आवडता शब्द होता. तो म्हणताना ते समोरच्याचं ऐकत नसत.

त्याच सुमारास संस्थेचे अध्यक्ष शाळेला भेट देणार असं ठरलं. मग नेहमीचं सुरू झालं. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागला. वर्षभर गळणारा नळ दुरुस्त न होता कुंडीमागे लपवला गेला. मला स्वागत समितीत टाकलं. माझं काम फाटकाशी उभं राहून अध्यक्षांवर गुलाबपाणी शिंपडण्याचं. पदव्युत्तर शिक्षणाचा असा उपयोग होईल हे विद्यापीठाने सांगितलं नव्हतं. भेट सोमवारी होती. आदल्या दिवशी रविवार, म्हणून मी पेणला घरी होतो.

सोमवारी थेट फाटकावर हजर राहायचा लेखी आदेश होता. अध्यक्ष दीड तास उशिरा आले. गुलाबपाणी शिंपडून मी घोळक्याच्या शेपटाला लागलो आणि सगळे मिळून प्रयोगशाळेत शिरलो.

पेटीत डोंगर होता. थर्माकोलचा, निळ्या-तपकिरी रंगाचा, माथ्यावर कापसाचा बर्फ. पायथ्याशी आरसा ठेवून तळं केलं होतं. तळ्याभोवती हिरवागार रंगवलेला लाकडाचा भुसा. वरून दिव्यांची माळ सोडलेली, लाल-पिवळी, लुकलुकणारी. माझा काथ्या कुठेच नव्हता आणि बीळही नव्हतं.

आमचे चित्रकलेचे शिक्षकही पेणचे. सुट्टीच्या दिवसांत गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रेखाटायचे. हात खरोखर चांगला होता. मुख्याध्यापकांनी त्यांना रविवारी बोलावून सांगितलं होतं, की साहेब येणार आणि त्या पेटीत नुसता केरकचरा दिसतोय, जरा शोभा आणा. पेणच्या माणसाला काचेच्या पेटीत शोभा आणायला सांगितली, तर तो दुसरं काय करणार? त्यांनी देखावा केला. दरवर्षी भाद्रपदात घरोघरी करतात तोच, मूर्तीच्या जागी कोळी बसवून. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, आवडलं का? तो आत दडून बसला होता, मी चमच्यानं अलगद बाहेर काढला. सगळ्यांना दिसायला पाहिजे ना." त्यांच्या चेहऱ्यावर इतकं निर्मळ कौतुक होतं, की मला त्यांच्यावर रागावताही आलं नाही. तो सगळा राग मग दुसरीकडे साठला.

हिरव्या भुशावर, आरशाच्या काठाला, कोळी उताणा पडला होता.

"कात टाकतोय," मी म्हणालो. "कुणी पेटीला हात लावू नका. दिवे बंद करा."

अध्यक्षांनी अंगठीने काचेवर टकटक केली. पुन्हा केली. "हलत नाही हो."

"साहेब, मेलाय वाटतं," मुख्याध्यापक म्हणाले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तो मुद्दाम आजच मारला होता.

"मेलेला नाही. कात टाकतोय. मी तुम्हाला सांगितलं होतं," मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. कोळ्याकडे कुणीच बघत नव्हतं.

"सर भावुक झालेत," मुख्याध्यापक अध्यक्षांना म्हणाले. "फार जीव होता त्यांचा त्याच्यावर."

त्यावर अध्यक्षांनी हात जोडले आणि डोळे मिटले. घोळक्यातल्या सगळ्यांनी मिटले. दिव्यांची माळ लुकलुकत होती. एक मिनिट झाल्यावर कुणीतरी खाकरलं आणि मंडळी सभागृहाकडे गेली. मला व्यासपीठामागे उभं राहायचं होतं. मी गेलो नाही.

माळ उपटली, डोंगर उचलून बाकाखाली टाकला. कातडं पाठीवर फाटलं होतं, पण भुसा कोरडा, सगळी ओल पिऊन घेणारा, आणि पाय निम्म्यावर अडकलेले. बाहेर आलेल्या मऊ, पांढुरक्या सांध्यांना हिरवा रंग लागला होता. कपाटातला डबा काढला. काथ्या अजून ओला होता. कोळ्याला न हलवता त्याच्याभोवतीचा भुसा चमच्याने काढत गेलो आणि तिथे काथ्या दाबत गेलो. वरून ओलं फडकं टाकलं. मग रंगाचा बारीक कुंचला पाण्यात बुडवून एकेका सांध्याला थेंबथेंब पाणी लावत बसलो. कर्ण्यातून अध्यक्षांचं भाषण ऐकू येत होतं. त्यात कोळीही आला. एका मुक्या जीवाने या शाळेत विज्ञानासाठी देह ठेवला, असं अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या.

देह माझ्यासमोर पाय ओढत होता.

दुपारी तीनच्या सुमारास तो मोकळा झाला. सहा पायांनी. दोन आतच तुटून राहिले. तो तसाच काथ्यावर कुशीला पडून राहिला आणि बऱ्याच वेळाने एक पाय हलला. मी डब्यात त्याच्याखाली काथ्याचा थर घातला, झाकणाला भोकं पाडली आणि संध्याकाळच्या एसटीने डबा मांडीवर घेऊन पेणला आणला. बायकोने झाकण उघडून पाहिलं. मग म्हणाली, "चाळण वरच्या फळीवर आहे."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. ओरडा मिळेल असं वाटलं होतं, आणि मीही तयारीत होतो. रात्रभर वाक्यं जुळवली होती. पण ते खुशीत होते. "साहेबांना फार भावलं ते. म्हणाले, जतन करा. तुम्ही त्याचं कलेवर बरणीत घालून द्या, औषध वगैरे भरून. खाली साहेबांच्या भेटीची पाटी लावू."

मी म्हणालो, "अवश्य."

प्रयोगशाळेत जाऊन मी ते टाकलेलं कातडं चिमट्याने उचललं, बरणीत फॉर्मलीनमध्ये सोडलं आणि बूच लावून वरून मेण ओतलं. पोटाच्या जागी नुसती सुरकुतलेली पिशवी होती आणि पाठीला तडा होता. जवळून पाहणाऱ्या कुणालाही आत काही नाही हे कळलं असतं. पितळी पाटी आली, तिच्यावर साहेबांचं नाव मोठ्या अक्षरांत. बरणी मुख्याध्यापकांच्या खोलीत, पाहुण्यांना दिसेल अशी ठेवली गेली. मी ती शाळा सोडली तोपर्यंत तिथेच होती, आणि तिच्यासमोर चहा पिणाऱ्यांपैकी एकानेही कधी काही विचारलं नाही.

बरणीतल्याला आठही पाय होते. पेणला आमच्या घरी खिडकीखालच्या पेटीत जो होता, त्याला सहा, आणि त्याने त्या महिन्यात पहिलं झुरळ पकडलं ते त्या सहांनीच.